बसवण्णाच्या पोटात

धाकटे, तुझ्या शाळेच्या सहलीचा फोटो आला तेव्हा मी आजोबांची दुपारची गोळी वाटीत काढत होते. हिरव्या टेकडीच्या उतारावर पांढऱ्या रेघांनी काढलेला लांबलचक घोडा. खाली तू लिहिलं होतंस, की गवत खरवडलं की तिथे खडूचा दगड लागतो, आणि कित्येक शतकं लोक ती रेघ साफ करत आलेत म्हणून घोडा अजून दिसतो. शेवटी विचारलं होतंस, "आजी, तुमच्याकडे असं काही आहे का?"

मी लगेच उत्तर पाठवलं, "नाही बाळा." जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे प्रश्न आला की उत्तर देऊन मोकळं व्हायची सवय.

ते उत्तर चूक होतं. ते कसं चूक निघालं आणि त्यापायी मी एक दुपार कुठे अडकून पडले, हे फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर आपण सगळं छानच बोलतो. तुम्ही विचारता, आजोबा कुठे आहेत? मी सांगते, झोपलेत. दोन वर्षं मी हेच सांगते आहे. त्यातल्या निम्म्या वेळा ते माझ्या शेजारीच बसलेले असतात आणि मी कॅमेरा वळवत नाही. म्हणून लिहिते आहे. थोरल्यानं धाकटीला वाचून दाखवावं. तुमच्या बाबांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे.

आजोबांना आता आठवत नाही. आधी चष्मा, मग पोस्टाचा रस्ता, मग वर्तमानपत्र वाचलं की नाही ते. हल्ली कधी कधी मला "तुम्ही कुणाकडच्या?" असं अगदी अदबीनं विचारतात. तुम्हाला माहीतच आहे, ते जनावरांचे डॉक्टर. चिटगुप्प्याच्या चहूबाजूंच्या खेड्यांत त्यांनी चाळीस वर्षं मोटारसायकलवरून गाई-म्हशी तपासल्या. ते सगळं शरीरात राहिलं आहे. दोनदा ते घरातून निघून गेले. एकदा जुन्या दवाखान्याच्या पायरीवर बसलेले सापडले. दुसऱ्यांदा भर उन्हात डांबरी रस्त्यानं चालले होते, पायात घरातल्या सपाता, हातात टॉर्च. कुठे निघालात विचारलं तर म्हणाले, गाय अडली आहे. ओळखीच्या एका माणसानं टमटममध्ये बसवून घरी आणून सोडलं. मी त्याला सांगितलं, फिरायला गेले होते, वाट चुकले.

त्या दिवसापासून दाराला कुलूप. मी घरात असले की आतून, भाजी आणायला कोपऱ्यावर गेले की बाहेरून. किल्ली माझ्या कमरेला. फ्रिजवर वेळापत्रक लावलं: सहा वाजता चहा, साडेसहाला अंघोळ, आठला नाश्ता आणि दोन गोळ्या, एकला जेवण आणि गोळी, सव्वा ते साडेतीन झोप. सगळं घड्याळाबरहुकूम चाललं होतं. शेजारी विचारत, साहेब दिसत नाहीत? मी म्हणायची, बीपीचा त्रास आहे, डॉक्टरांनी आराम सांगितलाय. मी कुणालाच काही कळू दिलं नाही. ज्या माणसाला सारा तालुका हात जोडायचा त्याला लोकांनी कीव करून बघावं, हे मला नको होतं. आणि खरं सांगायचं तर, माझ्याच्यानं होत नाही हे कुणाला कळायला नको होतं. चौदा महिने मी कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पुढे गेले नव्हते. दुपारी पाठ टेकली नव्हती. कुलूप त्यांच्यासाठी लावलेलं, पण आत आम्ही दोघंही होतो.

आपल्याकडे दूध घालणारी आठवते का? तुम्ही आला होतात तेव्हा तुमच्या गोऱ्या गालांना हात लावून जी खदखदून हसली होती, ती. ती माप रिकामं करायला आत आली आणि टेबलावरच्या फोनमध्ये घोडा बघून थबकली.

"आता गं बया! ह्यो तर आमचा बसवण्णा."

"अगं, घोडा आहे तो. परदेशातला."

"घोडा आसंल तिकडं. आमच्याकडं बैल हाय. माझ्या माहेरी, माळावर. आस्साच, पांढऱ्या रेघंचा." मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चाळीस वर्सं झाली बाई तुमाला हितं येऊन, अजून बघितला न्हाई व्हय? डाक्टरसाबाला इचारा बरं."

मी विचारलं. आजोबा खाटेवर शेंगा सोलत बसले होते. म्हणाले, "माळावरचा ना? शिंगं फार सुरेख आहेत त्याची." आणि मग चहा मागितला. चहा पंधरा मिनिटांपूर्वीच झाला होता.

म्हणजे त्यांना माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि दहा-बारा किलोमीटरवर राहून मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, येळवस झाली की पुढच्या सोमवारी सगळं गाव मिळून बसवण्णाची रेघ भरतं, या की बघायला. येळवस म्हणजे आपल्याकडची हिवाळ्यातली अमावस्या, शेतात जेवायला जातात ती. मी नाही म्हटलं. रात्री पुन्हा तुझा फोटो उघडला. सकाळी तिला म्हटलं, येते. पण दोन तासांत परत सोडायचं.

हिशेब साधा होता. सव्वा एकला ते झोपतात, साडेतीनला उठतात, यात चौदा महिन्यांत पाच मिनिटांचाही फरक पडला नव्हता. सोमवारी गोळी दिली, पांघरूण घातलं, गॅस सिलेंडरपाशी बंद केला, गच्चीच्या दाराला कडी घातली आणि बाहेरून कुलूप लावलं. एक वीस. फाट्यापर्यंत जीप, पुढे दूधवालीचा भाऊ मोटारसायकल घेऊन उभा होता. सत्तरीची मी त्याच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसले आणि वारा तोंडावर आला तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की मला त्याची लाजच वाटली.

बैल खालच्या रस्त्यावरूनच दिसला. आपल्याकडचे माळ तुम्ही पाहिले आहेत, लाल मुरमाचे, झाड ना झुडूप. त्या लाल उतारावर तो आडवा उभा होता. वशिंड, सरळ वर गेलेली दोन शिंगं, बारीक पाय, मागे लांब सोडलेली शेपटी. मुरूम हातभर खणला की खाली मऊ पांढरी माती लागते, तिच्यातूनच तो काढलाय. वर्षभरात पावसानं लाल माती त्या चरात वाहून येते, गवत उगवतं, रेघ बुजत जाते. मग या सोमवारी गडीमाणसं बाजूच्या खड्ड्यातून पांढरी माती काढतात, ती ताकात आणि चुन्यात कालवतात, आणि बायका हातांनी रेघ भरतात. हे काम बायकांचंच. कोणी काढला, कधी काढला, विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर: आमच्या आजीच्या आजीलाबी म्हाईत नव्हतं.

मी पोचले तेव्हा दोन वाजत आले होते. तीसेक बायका वाकून कामाला लागलेल्या, कोपरापर्यंत पांढरे हात. शेपटी झाली होती, पाठ झाली होती, डोकं झालं होतं. फक्त पोटाखाली दहा-बारा पावलांची जागा उरली होती. तिथून मी आत शिरले. मला बैल मोजायचा होता. तुझा घोडा किती लांब ते तू लिहिलं होतंस, मग आमचा बैल किती, हे नको का सांगायला? शेपटीच्या बुडापासून नाकापर्यंत सारख्या अंतराची पावलं टाकत निघाले, तोंडानं मोजत. चाळीस, एकेचाळीस. खालून कुणीतरी ओरडलं, "बाईऽ, बर्री! भायर या की!" मला वाटलं, चहाला बोलावतायत. आकडा चुकला असता. मी मागे न बघता हात वर केला, पंजा उघडा, वर्गात पोरं मधेच बोलायला लागली की करायची तसा. आणि पुढे चालत राहिले. त्र्याऐंशीवर नाक आलं. फोनमध्ये लिहून घेतलं, फोटो काढला, आणि वळले.

पोटाखालची जागा भरून झाली होती. रेघ जुळली होती. बायका उठून उभ्या होत्या आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. दोघी-तिघींनी हात जोडले.

मी खाली उतरून रेघेपाशी आले. ओली, चकचकीत, दोन वीत रुंद. पलीकडे एक बारीक म्हातारी काठी टेकून उभी होती. तिला सगळे थोरली अक्का म्हणत. वयानं माझ्याएवढीच असेल, पण माझ्याशी लेकीशी बोलावं तशी बोलली.

"बसा आता. उभं ऱ्हाऊ नका, पाय धरतील."

"मला निघायचंय."

"वाळल्यावर निघा की."

"कधी वाळेल?"

तिनं सूर्याकडे पाहिलं, गालावर वारा घेतला. "ऊन हाय, वारं हाय. दिस कलायच्या आत वाळंल."

तेवढ्यात दूधवाली पदर सावरत धावत आली आणि कपाळावर हात मारून घेतला. कपाळ पांढरं झालं. "बाई, हात कामून वर केलाव?"

मग मला कळलं. दरवर्षी रेघ जुळवायच्या आधी एक बाई आत बसते. जिच्या मनाला काही लागलेलं असतं ती. मूल होत नसतं, कुणी आजारी असतं, कुणाचं काही, कुणाचं काही. बोलावलं की आतल्यांनी बाहेर यायचं असतं, आणि जिला बसायचं असतं तिनं उघडा हात वर करायचा. काय दुःख आहे ते तिला कुणी विचारत नाही. यंदा कुणीच हात वर केला नव्हता, आणि पोट मोकळं ठेवून रेघ जुळवायची या विचारानं थोरली अक्का सकाळपासून खट्टू होती. त्यात मी.

"मी थांबा म्हणत होते," मी म्हटलं.

एक क्षण कुणाला कळलं नाही. मग खालच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "त्ये शाळंतलं थांबा व्हय!" आणि तीस बायका हसायला लागल्या. एकीनं दुसरीच्या पाठीत धपाटा घातला, तो पांढरा उमटला.

"मग मी ओलांडून येते. अंगठाही लागू देणार नाही."

हसणं थांबलं. थोरली अक्का समजावल्यासारखं म्हणाली, "ओल्या रेघंवरनं माणूस गेलं की बसवण्णा त्याच्या मागं उठून जातो, बाई. मग सारं खरडून काढायचं आनी पुढल्या सोमवारी पुन्हा. तवर गावातला एक बैल जुपत न्हाईत."

मी शिकलेली बाई. माझं या गोष्टींवर काय मत आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. मी रेघेच्या काठाशी चप्पल नेली. दोन वीत. पाच वर्षांच्या पोरानं सहज ओलांडली असती. मला कुणी अडवलं नाही, कुणी ओरडलं नाही. सगळ्या फक्त माझ्या पायाकडे बघत होत्या. समोरच्या एका तरुण बाईच्या नखांच्या कडा चुन्यानं उलून लाल झाल्या होत्या. मी चप्पल मागे घेतली.

दोन पंचवीस.

बसायला पोतं आलं. ते रेघेवरून आत फेकलं, कारण वस्तूला चालतं, पायाला नाही. येळवशीची भज्जी, सगळ्या भाज्या आणि डाळी एकत्र शिजवतात ती, आली डब्यातून, तीही अशीच एका काठीला अडकवून. बायका आता रेघेच्या बाहेर बसून भाकरी खात होत्या. मी बैलाच्या पोटात एकटी, भोवती लाल मुरूम. घड्याळ बघत होते.

"बाईचं चित्त घराकडं लागलंय."

"साहेबाला चा कोन करून देनार मनून."

"एक दिस हातानं करून पितेत की! का बाईंनी चुलीलाबी कुलूप घातलंय?"

पुन्हा हशा. मीही हसले. तिला काही माहीत नव्हतं, तिनं आपलं सहज म्हटलं. पण माझा हात कमरेच्या किल्लीवर गेला. दोन पन्नास. फोनला रेंज होती, पण फोन कुणाला करायचा? तुमचे बाबा सात समुद्रांपलीकडे. शेजारच्यांना करावा, तर त्यांना मी बीपी सांगितलेलं. आणि सांगितलं तरी ते दार कसं उघडणार? दुसरी किल्ली कपाटात, कपाट घरात. इतकी शिस्तीची मी, आणि दुसरी किल्ली आत ठेवली. तीन वाजून पाच. मी मनात घर फिरून आले. गॅस बंद. गच्ची बंद. बाथरूमची कडी? आतून अडकते ती. ओली फरशी. मी ती पुसली होती का? तीन बारा. उठून रेघेच्या कडेकडेनं पोटापासून मानेपर्यंत गेले, पुन्हा पोटापर्यंत आले. घरात ते जसे खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातात, अगदी तशी.

थोरली अक्का उठून माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली. मधे रेघ.

"घरी कोन हाय?"

"साहेब."

"आनी?"

मला दुसरं कुणाचं नाव घेता आलं नाही. म्हटलं, "आणि कुलूप."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. "भायरून?"

"हो."

"कोंडून आलाव?"

आवाज मोठा नव्हता, पण माळावर ऐकू जायला तेवढा पुरला. भाकरी मोडायचे हात थांबले. कुणीतरी "अय्यो" म्हणालं. आणि मी, बाळांनो, मुद्देसूद सांगायला लागले. पहिलं म्हणजे ते निघून जातात. दुसरं, दोनदा गेले होते. तिसरं, या वेळी ते नेहमी झोपलेले असतात. स्वतःचाच आवाज मला फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या बाईसारखा ऐकू येत होता. चौथ्या मुद्द्याला अक्कानं मला तोडलं.

"किल्ली कुठाय?"

मी कमरेला हात लावला आणि तो तिथेच राहिला. दूधवाली रेघेपाशी ओंजळ करून उभी होती. मी तिला सांगत सुटले: एकदम आत जाऊ नकोस, आधी हाक मार, मी वाटेतच आहे म्हण, चहात साखर अर्धा चमचा, रंगीत पातळ बघून घाबरतात कधी कधी, तू पदर नीट घे. ती म्हणाली, "बाई, किल्ली द्या की अगोदर." मी दोरी सोडली आणि टाकली. चौदा महिन्यांत ती पहिल्यांदा माझ्या अंगावरून उतरली होती. भावाची मोटारसायकल खाली धूळ उडवत गेली. तीन एकवीस.

पुढची चाळीस मिनिटं मी कशी काढली, सांगता येणार नाही. बायका आता माझ्याशी चेष्टा करत नव्हत्या, आणि मला तेच जास्त झोंबत होतं. थोरली अक्का समोरून हलली नाही. तंबाखू मळता मळता म्हणाली, "माझी सासू आशीच झाल्ती. चुलीत हात घालायची. तुमी कुलूप लावलाव. आमी दावं लावलं."

दावं म्हणजे गुरांच्या गळ्यातली दोरी.

"कुठे?" मी विचारलं.

"गोठ्यात. आनी कुठं." तिनं तंबाखू ओठात धरली. "पाच वर्सं. कुनी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई." मग ती बाजूला थुंकली आणि पुन्हा रेघेला बोट लावून बघितलं. बोट पांढरं झालं.

चार वाजता फोन वाजला. दूधवाली श्वास न घेता बोलत होती. "हायत बाई, बरे हायत. उठून खिडकीत उभे होते गज धरून. येनाऱ्या-जानाऱ्याला हाका मारायलते. सारी गल्ली गोळा झालीय दारात." मग फोनमध्ये आजोबांचा आवाज आला, शांत, दवाखान्यातला. "अगं, तू किल्ली हरवलीस ना? मी सांगितलं या लोकांना. म्हटलं, ती वेंधळी नाही, पण होतं माणसाचं असं कधी."

मी पदर तोंडावर धरला. बायका दुसरीकडे बघायला लागल्या, फक्त अक्का बघत राहिली.

त्यांना घरी एकटं ठेवायचं की कसं, हे दूधवालीनं मला विचारलंच नाही. सव्वाचारच्या पुढे खालच्या रस्त्यावर मोटारसायकल दिसली. पुढे भाऊ, मधे आजोबा, मागे ती, दोन्ही हातांनी त्यांना कंबरेशी धरून. गाडी चढावर वळायच्या आधीच थांबली. आजोबा उतरले, कपाळावर हात धरून वर बघू लागले. तिथून सगळा बैल दिसतो. काय बोलले ते मला तेव्हा ऐकू आलं नाही, दूधवालीनं नंतर सांगितलं. म्हणाले, "मागचा डावा टेकवत नाहीये. कधीपासून?"

खरंच, तो पाय इतर तिन्हींपेक्षा आखूड आहे. कुणाच्या तरी आजीच्या आजीच्या हातून तसा झाला असेल आणि मग दरवर्षी तसाच भरला गेला असेल.

ते चढू लागले. बायका ओळखून उठल्या, "डाक्टरसाब, डाक्टरसाब" अशी कुजबूज झाली, कुणी वाकून पाया पडलं. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला आणि सरळ चालत आले. मला वाटलं, माझ्याकडे येतायत. मी हात वर करून ओरडले, "थांबा!" पण ते माझ्याकडे येतच नव्हते. ते मागच्या डाव्या पायाकडे गेले, खुराशी गुडघा टेकून बसले, ओल्या रेघेवर पंजा ठेवून दाबून पाहिलं. जनावराला बोलतात तसं काहीतरी हलक्या आवाजात बोलले. मग उठले आणि एक पाऊल पांढऱ्या रेघेवर देऊन आत आले.

ठसा मला वरूनही दिसत होता, घरातल्या सपातीचा, टाचेपाशी जास्त खोल.

उललेल्या नखांची ती तरुण बाई रडकुंडीला आली. "आता सारं खरडायचं व्हय पुन्हा?"

थोरली अक्का काठी टेकत ठशापाशी गेली. वाकून बघितलं. सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या, मीही. मी मनात ठरवून टाकलं होतं, की पुढच्या सोमवारी मी स्वतः येऊन रेघ भरेन, आजोबांना सोबत घेऊन, कुलूप न लावता. कसं जमेल ते माहीत नव्हतं.

"गेल्या साली तुझ्या सासऱ्याचा खिलारी पाय टाकंना," अक्का त्या तरुण बाईला म्हणाली, "तर तुमी तेला कुठं नेलाव?"

"दवाखान्यात, उदगीरला."

"आनी त्याच्या अगोदर? तुझं लगीन हुयाच्या अगोदर, तुमच्या गोठ्यात कोन येत हुतं?" अक्का वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "डाक्टर आला मनून बैल उठून जात न्हाई. डाक्टर आल्यावर बैल उभा ऱ्हातो." आणि ठशावर बोट दाखवून, "भरा."

दोघींनी घमेलं आणलं, ठसा भरला, हातानं सारवला. मग अक्का आमच्याकडे बघून म्हणाली, "आता दोगंबी बसा. ह्ये वाळूस्तर."

मी म्हटलं, "अक्का, पाच वाजत आलेत."

"मग? घरी कोन हाय?"

बायका पुन्हा हसल्या.

आजोबा माझ्याशेजारी पोत्यावर बसले. भज्जी खाल्ली, आवडली. मग विचारलं, "घरी कधी जायचं?" म्हटलं, रेघ वाळली की. ते "बरं" म्हणाले आणि समोर बघत बसले. मग पुन्हा, "घरी कधी जायचं?" घरी हा प्रश्न रोज चाळीस-पन्नास वेळा येतो, आणि आम्ही घरातच असतो. उत्तर द्यायला मी एकटीच. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा विचारलं. अकरा वेळा मी मोजलं, सवयीनं. बाराव्या वेळी माझ्या घशातून आवाज येण्याआधी बाहेरून थोरली अक्काच म्हणाली, "वाळू द्या की डाक्टरसाब, तुमीच तर वल्ली केलाव." ते हसले. तेराव्या वेळी दूधवाली म्हणाली, बैल सोडायला तयार न्हाई तुमाला. चौदाव्या वेळी ती उललेल्या नखांची बाई, अजून जरा फुरंगटलेलीच, म्हणाली, "जाऊ की हो, काय घाई हाय?"

मी चष्मा काढून पदरात ठेवला आणि पोत्याच्या कडेवर डोकं टेकलं. मुरूम दिवसभराच्या उन्हानं अजून गरम होता. डोळे मिटताना तो प्रश्न पुन्हा ऐकू आला, आणि कुणीतरी उत्तर दिलं. कोणी, ते मला कळलं नाही.